अमेरिकन मोटारींचा लौकिक आणि रस्ते

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी मधल्या सुटीत इयत्ता नववीतील दोन विद्यार्थी मोठ्या आवेशाने वाद घालीत असलेले आम्हांस आढळले. वादाचा विषय होता अमेरिकन मोटारगाडी. त्यांपैकी एकाचे पणजोबा स्वातंत्र्यापूर्वीच्या काळी एका सर्व्हिस मोटारीवर चालक होते. ती मोटार फोर्ड कंपनीची होती, आणि नदीच्या वाळूतून व काळ्या मातीच्या चिखलातून ती कशी वाट काढी, ह्याच्या गोष्टी त्या घरी अद्यापि सांगितल्या जातात. सबब, "अमेरिकन गाडीएवढी दणकट गाडी जगात झाली नाही," असा त्याचा पक्ष. दुसऱ्याने जुन्या चित्रपटांतून लांबलचक, जमिनीलगत चालणाऱ्या व मागे पंख लावलेल्या अमेरिकन गाड्या पाहिल्या होत्या. "असली गाडी आमच्या गावच्या रस्त्यावर आणली, तर शंभर पावलांत तिचे पोट घासून ती जागीच बसेल," असा त्याचा पक्ष. उभयतांनी आम्हांस पंच नेमले; परंतु तेवढ्यात घंटा झाली आणि निकाल तसाच राहून गेला. तो ह्या लेखाच्या द्वारे देण्याचे आम्ही योजिले आहे.

निकाल ऐकून दोघांचीही थोडी निराशा होईल. कारण आमच्या मते दोघेही खरे बोलत होते. मात्र गाडी कोणत्या रस्त्याकरिता घडविली होती, हा प्रश्न दोघांनीही विचारला नव्हता. तो विचारला असता वाद मिटला असता, आणि शिवाय एक उपयुक्त धडा हाती लागला असता. तो धडा कसा, ते पाहू.

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गुळगुळीत, रुंद व सरळ रस्ते उभे राहतात. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी त्या देशाची स्थिती अगदी निराळी होती. १९०४ साली तेथील सरकारने प्रथमच देशभरच्या सार्वजनिक रस्त्यांची मोजणी केली. तीत एकवीस लाख मैलांहून अधिक लांबीचे रस्ते भरले. परंतु खडी, मुरूम किंवा असेच काही घालून सुधारलेले रस्ते त्यांत शेकडा सातच्या आसपासच होते. बाकी सर्व नुसती माती. उन्हाळ्यात गाडीभर धूळ आणि पावसाळ्यात आसापर्यंत चिखल, अशी ती वाट असे. आयोवा, मिसूरी इत्यादी मध्यभागातील प्रांतांची माती आपल्या काळ्या रानासारखीच चिकट असल्यामुळे पाऊस पडला की चाके मातीने भरून जात आणि घोडेही पाय उचलीनासे होत.

एवढ्या संपन्न देशात असे का असावे? ह्याचे मुख्य कारण आगगाडी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लांबचा प्रवास व मालाची ने-आण ही सर्व लोहमार्गाने होऊ लागली, आणि सडकेकडे पाहण्याचे कोणास कारणच उरले नाही. सडक उरली ती शेतकऱ्याच्या वाड्यापासून जवळच्या स्टेशनापर्यंत. तिची दुरुस्तीही त्याच्याच गळ्यात असे. पुष्कळ प्रांतांत रस्त्याचा कर पैशाच्या रूपाने देण्याऐवजी वर्षातून काही दिवस रस्त्यावर काम करून फेडण्याची मुभा होती. शेतकरी फावडे घेऊन येत, बाजूची माती मध्ये टाकीत, गप्पागोष्टी करीत आणि दिवस भरून घरी जात. पुढच्या पावसात ती माती पुन्हा बाजूला वाहून जाई.

अशा देशात मोटार चालविणे म्हणजे काय होते, हे दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल. १९०३ साली होरेशियो जॅक्सन नावाच्या एका डॉक्टराने पन्नास डॉलरांची पैज मारली की, आपण सॅन फ्रान्सिस्कोहून न्यू यॉर्कला मोटारीने जाऊ. त्यापूर्वी हे कोणी केलेले नव्हते. सोबत क्रॉकर नावाचा एक कारागीर घेऊन तो २३ मे रोजी विंटन जातीच्या गाडीतून निघाला. वाटेत त्यांनी एक कुत्राही बरोबर घेतला, आणि धुळीने त्याचे डोळे दुखू लागल्यामुळे त्यालाही चष्मा चढविला! ओढ्यानाल्यांत रुतलेली गाडी त्यांनी कप्पी व दोर लावून अनेकदा बाहेर काढली. मोडलेला भाग आगगाडीने येईपर्यंत त्यांना गावोगावी मुक्काम करावा लागला. न्यू यॉर्कला ते २६ जुलै रोजी पोहोचले; म्हणजे प्रवासास साडेत्रेसष्ट दिवस लागले. दुसरे उदाहरण आमच्या विद्यार्थिनींस विशेष आवडेल. १९०९ साली अ‍ॅलिस रॅम्सी ह्या बावीस वर्षांच्या बाईने तीन सोबतिणींसह न्यू यॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मॅक्सवेल गाडी स्वतः चालवीत नेली. सुमारे ३,८०० मैलांचा हा प्रवास ५९ दिवसांत झाला. त्यांपैकी फरसबंदीचा रस्ता १५२ मैलांचाच होता असे सांगतात. अकरा वेळा टायर बदलावा लागला, आणि बदलणारी तीच होती.

आता अशा रस्त्यावर चालणारी गाडी विकून पोट भरावयाचे असेल, तर कारखानदाराने काय करावे? ह्या प्रश्नाचे सर्वांत यशस्वी उत्तर हेन्री फोर्ड ह्याने दिले. तो स्वतः मिशिगन प्रांतातील शेतकऱ्याचा मुलगा असल्यामुळे चिखल त्याला पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. १९०८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात त्याने 'टी' नमुन्याची मोटार बाजारात आणली. तिची रचना पाहिली म्हणजे प्रत्येक भागात तेथील रस्त्याची छाप दिसते.

पहिली गोष्ट, गाडीचे पोट जमिनीपासून सुमारे दहा इंच उंच होते. त्यामुळे चाकोऱ्यांमधला मातीचा उंचवटा व वाटेतील दगड तिला लागत नसत. दुसरी गोष्ट, तिची चाके तीस इंच व्यासाची व बारीक होती. मोठे चाक खळग्यात पुरते उतरत नाही, वरच्या वर निघून जाते. लहान चाक मात्र त्याच खळग्यात आपटते. आपल्या बैलगाडीचे चाक एवढे मोठे का असते, ह्याचा विचार केल्यास हे सहज समजेल. तिसरी गोष्ट, पुढच्या व मागच्या आसावर एकेक कमान-पाटा आडवा बसविलेला होता. त्यामुळे एक चाक दगडावर चढले व दुसरे खळग्यात उतरले, तरी आस तिरपा होई. पण वरचा सांगाडा पिळवटून मोडत नसे. चौथी गोष्ट, मोक्याच्या भागांस व्हॅनेडियम हे मूलद्रव्य मिसळलेले पोलाद वापरले होते. ते साध्या पोलादाहून बळकट असल्याने भाग बारीक करता आले आणि सबंध गाडीचे वजन बाराशे पौंडांच्या आसपास राहिले. चिखलात हलकी गाडी रुतली तरी चार माणसे तिला उचलू शकत. जड गाडीस बैल लागत.

तिच्या एंजिनाची शक्ती वीस घोड्यांची होती. आजच्या मानाने ती थोडीच म्हणावयाची. परंतु ते एंजिन हळू फिरत असतानाही जोर लावीत असे, आणि चढावर व चिखलात कामास येतो तो हाच गुण. शिवाय पुढे जाण्याचे व मागे येण्याचे गिअर पायांनी दाबावयाच्या पट्ट्यांवर होते. गाडी रुतली की चालक एकदा पुढची व एकदा मागची पट्टी दाबी, गाडीस पाळण्यासारखे झोके देई आणि झोक्याच्या जोरावर तिला खड्ड्यातून बाहेर काढी. अमेरिकेत चाकोऱ्यांची रुंदी सर्वत्र सारखी नव्हती. दक्षिणेकडील प्रांतांत बैलगाड्यांच्या व घोडागाड्यांच्या चाकांमधील अंतर साठ इंच असे, इतरत्र ते छपन्न इंच होते. म्हणून फोर्डने दक्षिणेकडे पाठविण्याकरिता साठ इंचांच्याही गाड्या काढल्या! चाकोरी सोडून चालणे मनुष्यास कठीण, तसे मोटारीसही कठीणच होते.

तिच्यात दोष नव्हते असे मात्र नाही. एंजिन सुरू करण्यासाठी पुढे दांडा घालून फिरवावा लागे, आणि तो उलटा बसला की मनगट मोडे. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली असून तेल स्वतःच्या भारानेच एंजिनाकडे उतरे. म्हणून टाकी अर्धीमुर्धी असताना उभा चढ लागला, तर गाडीचे तोंड फिरवून तो चढ उलट्या चालीने चढावा लागे. परंतु गावचा लोहारही तिची बहुतेक दुरुस्ती करू शकत असे, सुटे भाग स्वस्त व सर्वत्र मिळत, आणि किंमत वर्षानुवर्षे उतरत गेली. आरंभी ८५० डॉलरांस विकली जाणारी ही गाडी १९२५ सालाच्या सुमारास तीनशे डॉलरांच्या आत आली. १९२७ साली तिचे उत्पादन थांबले, तोवर दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या होत्या.

तिची कीर्ती पसरली कशी, ह्यासंबंधीची एक हकीगत येथे सांगितलीच पाहिजे, कारण ती शिकण्यासारखी आहे. १९०९ च्या जून महिन्यात न्यू यॉर्कपासून सिअ‍ॅटलपर्यंत मोटारींची शर्यत झाली. मोठमोठ्या, जड व महाग गाड्यांना मागे टाकून दोन फोर्डांपैकी एक बावीस दिवसांत प्रथम पोहोचली. ह्या विजयाच्या जाहिराती देशभर झळकल्या. काही महिन्यांनी चौकशीअंती असे ठरले की, त्या गाडीने नियम मोडून वाटेत एंजिन बदलले होते. म्हणून बक्षीस काढून घेऊन ते शॉमट नावाच्या गाडीस देण्यात आले. परंतु आज शॉमटचे नाव कोणाच्या ओठावर आहे? फोर्डचा लौकिक तोवर घरोघर पोहोचलेला होता. गाडी खरोखरच चांगली होती, हे आम्ही नाकारीत नाही. अशा चांगल्या गाडीला ह्या लबाडीची गरजही नव्हती. उत्तम विद्यार्थ्याने परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेकडे पाहिले, तर त्याच्या खऱ्या गुणांवरही संशयाची छाया पडते, त्यातलाच हा प्रकार होय.

आता अटलांटिक महासागर ओलांडून इंग्लंडात जाऊ. कारण लौकिक हा तुलनेतून उत्पन्न होत असतो. तेथे मॅकॅडम ह्या स्कॉटिश गृहस्थाने १८१६ सालापासून बारीक फोडलेल्या खडीच्या सडका बांधण्याची पद्धत रूढ केली होती. एकोणिसाव्या शतकभर तेथील सडका सुधारत गेल्या. अंतरे थोडी, सडक बरी, आणि पेट्रोल परदेशाहून आणलेले, अशा स्थितीत लहान व काटकसरी गाडी निघणे स्वाभाविक होते. त्यात सरकारच्या कराची भर पडली. १९२१ सालापासून तेथे मोटारीवर दर अश्वशक्तीस एक पौंड असा वार्षिक कर बसला. परंतु ही अश्वशक्ती एंजिन चालवून मोजीत नसत. ती एका सूत्राने काढीत. ज्या नळकांड्यात दट्ट्या वरखाली होतो, त्याच्या व्यासाचा इंचांतील वर्ग करावयाचा, त्यास नळकांड्यांच्या संख्येने गुणावयाचे आणि अडीचने भागावयाचे. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन हे उदाहरण सोडवावे. फोर्डच्या गाडीस चार नळकांडी, प्रत्येकाचा व्यास पावणेचार इंच. उत्तर साडेबावीस येते. इंग्लंडात १९२२ साली निघालेल्या ऑस्टिन सेव्हन ह्या छोट्या गाडीच्या पुढील नमुन्यास चार नळकांडी, व्यास २.२ इंच, उत्तर पावणेआठच्या जवळ येते. म्हणजे फोर्डवर २३ पौंड कर व ऑस्टिनवर ८ पौंड. गिऱ्हाईक कोणीकडे वळेल, हे सांगणे नको.

ह्या सूत्रात व्यासच मोजला जाई, दट्ट्याची धाव मोजली जात नसे. तेव्हा इंग्रज कारखानदारांनी नळकांडी अरुंद व उंच करून कर वाचविला. स्वतःच्या देशात त्यांचे चालले. परंतु ह्याच गाड्या ऑस्ट्रेलियाच्या माळरानावर, आफ्रिकेत किंवा आपल्याकडे आल्या, की त्यांची दमछाक होई. चढावर एंजिनास फार वेगाने फिरावे लागे, पोट दगडांवर घासे, कमान-पाटे मोडत. त्याच वाटेवर अमेरिकन गाडी सहज निघून जाई, कारण तिचा जन्मच तसल्या वाटेवर झाला होता. म्हणून इंग्रजांचे राज्य असलेल्या देशांतूनही अमेरिकन गाड्यांचा खप वाढला. लोक म्हणू लागले, "इंग्रजी गाडी नाजूक, अमेरिकन गाडी दणकट." हा गुण अमेरिकन लोकांच्या अंगचाच आहे, असाही समज झाला. वस्तुतः पाहू गेल्यास ज्याला आपण अमेरिकन गाडीचा लौकिक म्हणतो, तो अमेरिकन चिखलाने दिलेला होता.

आपल्या मुंबई इलाख्यात हा लौकिक लवकरच येऊन पोहोचला. फोर्ड कंपनीने १९२६ साली मुंबईत आपली शाखा काढली. तिच्या गाड्या कानडा देशातून येत. १९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने शिवडी येथे सुटे भाग आणून गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, तीही अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून; आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम ज्या गाड्या बाहेर पडल्या, त्या अमेरिकन नमुन्याच्याच होत्या. आमच्या विद्यार्थ्याच्या पणजोबांची सर्व्हिस मोटार ही ह्याच काळातील. पुढे १ जून १९४८ रोजी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथून पुण्यास पहिली सरकारी एस. टी. गाडी सुटली. ती बेडफर्ड जातीची, म्हणजे इंग्लंडात बनलेली होती. पण ती बनविणारी कंपनी १९२५ सालापासून जनरल मोटर्सच्या मालकीची होती! देशावरून गाडीचा गुण ठरवू पाहणाऱ्यांनी ह्या गाडीस काय म्हणावे?

येथवर पहिल्या विद्यार्थ्याची बाजू झाली. आता दुसऱ्याची पाहू. त्यासाठी पुन्हा अमेरिकेत, पण ह्या वेळी तेथील रस्त्यांकडे, वळले पाहिजे.

रस्ते सुधारावे म्हणून तेथे प्रथम ओरड केली ती मोटारवाल्यांनी नव्हे, सायकलस्वारांनी. १८८० साली त्यांनी आपला संघ स्थापिला आणि चांगल्या रस्त्यांची चळवळ सुरू केली. शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. शहरातील चैनी लोकांनी रविवारी फिरावे म्हणून आम्ही कर का द्यावा, असे ते विचारीत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. परंतु १८९६ सालापासून खेड्यापाड्यांत घरपोच टपाल सुरू झाले आणि ते चांगला रस्ता असेल तेथेच मिळू लागले. पुढे शेतकऱ्याच्या दारात स्वतःचीच फोर्ड उभी राहिली. तेव्हा कालचे विरोधक आजचे पुरस्कर्ते झाले.

त्याच १८९६ साली मिसूरी प्रांतातील वॉर्ड किंग नावाच्या एका शेतकऱ्याने एक साधी युक्ती शोधली. त्याने एक ओंडका मध्ये उभा चिरला, दोन्ही फळ्या आडव्या बांधल्या आणि पाऊस पडून गेल्यावर ओलसर रस्त्यावरून घोड्यांकरवी त्या जराशा तिरप्या ओढविल्या. चाकोऱ्या बुजल्या, माती मधोमध सरकली, रस्त्यास कासवाच्या पाठीसारखा उंचवटा आला आणि पुढच्या पावसाचे पाणी दोन्ही बाजूंस वाहून गेले. दर पावसानंतर त्याने हेच केले. थोड्याच दिवसांत त्याच्या शेतापुढचा रस्ता साऱ्या परिसरात टणक झाला. रस्त्याचा वैरी चाक नसून साचलेले पाणी आहे, हे त्याने ओळखले होते. ही युक्ती सांगत तो पुढे गावोगाव व्याख्याने देत हिंडला.

परंतु ओंडक्याने सबंध खंडाचे काम होण्यासारखे नव्हते. १९१६ साली अध्यक्ष विल्सन ह्यांच्या कारकीर्दीत कायदा होऊन रस्त्यांकरिता पाच वर्षांत साडेसात कोटी डॉलर प्रांतांना देण्याचे मध्यवर्ती सरकारने ठरविले. १९१९ साली ऑरेगन प्रांताने पेट्रोलवर गॅलनमागे एक सेंट कर बसविला. जो रस्ता झिजवितो त्याने रस्त्याचा खर्च सोसावा, हे त्यामागील तत्त्व इतके सोपे होते की, दहा वर्षांत सर्व प्रांतांनी त्याचे अनुकरण केले. त्याच १९१९ च्या उन्हाळ्यात सुमारे ऐंशी लष्करी मोटारींचा तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोस निघाला. ३,२५१ मैल जाण्यास त्याला ६२ दिवस लागले. म्हणजे दिवसाकाठी सरासरी बावन्न मैल पडले. गाड्या वाळूत रुतल्या, लाकडी पूल त्यांच्या भाराने मोडले. ह्या तांड्यात अठ्ठावीस वर्षांचा एक अधिकारी होता, त्याचे नाव ड्वाइट आयसेनहॉवर. हाच पुरुष पुढे महायुद्धात सेनापती झाला, जर्मनीतील प्रशस्त राजमार्ग त्याने डोळ्यांनी पाहिले, आणि अमेरिकेचा अध्यक्ष झाल्यावर १९५६ साली त्याने ४१,००० मैलांच्या महामार्गांच्या कायद्यावर सही केली.

रस्ता बदलला, तशी गाडीही बदलली. जेथे खळगा उरला नाही, तेथे उंच पोटाचे काय काम? सरळ सपाट मार्गावर शेकडो मैल बसून जावयाचे, तेव्हा गाडी लांब, रुंद, बसकी व गादीसारखी मऊ झाली. 'टी' नमुन्याची फोर्ड लांबीने सव्वाअकरा फुटांच्या आत होती. १९५९ सालची कॅडिलॅक १८ फूट ९ इंच लांब असून तिच्या मागे माशासारखे पर उभारलेले होते. आमच्या दुसऱ्या विद्यार्थ्याने चित्रपटात पाहिली ती हीच, किंवा हिची एखादी बहीण. अशी गाडी युरोपातील वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर अवजड वाटू लागली, आणि १९७३ साली तेल महागताच तिच्या घरच्या लोकांनाही तिचा भार वाटू लागला. "अमेरिकन गाडी म्हणजे दणकट" असे म्हणणारे जग "अमेरिकन गाडी म्हणजे बोजड" असे म्हणू लागले. देश तोच, पुष्कळ अंशी कारखानेही तेच. रस्ता मात्र दुसरा.

अमेरिकन कारागिरांची जुनी विद्या नष्ट झाली होती काय? तसेही नाही. मधल्या काळात, १९४० साली, रस्ता नसलेल्या रानात चालणारी एक छोटी गाडी अमेरिकन सैन्याने मागितली आणि त्यातून जीप निर्माण झाली. तिची चारही चाके एंजिनाच्या जोराने फिरत. युद्धकाळात अशा सहा लाखांवर गाड्या तयार झाल्या. युद्धानंतर तिच्याच धर्तीवर इंग्लंडात १९४८ साली लँड रोव्हर निघाली, जपानात १९५१ साली टोयोटा कंपनीने तशीच गाडी काढली, आणि आपल्याकडे महिंद्र कंपनीने जीपच जोडावयास घेतली. वाईट रस्त्यांवरील लौकिकाचे मानकरी पुढे इंग्रज व जपानी झाले. ज्या इंग्रजांच्या गाडीस लोक नाजूक म्हणत, त्यांचीच गाडी आता आफ्रिकेच्या रानात दणकटपणाचा नमुना ठरली. कारण ह्या वेळी ती त्या रानाकरिताच घडविली होती.

एवढे सांगून आम्ही वादाचा निकाल पुरा केला, असे कोणी म्हणेल. परंतु ह्या विषयाची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्यासाठीच मुख्यतः आम्ही लेखणी हाती घेतली.

गेल्या श्रावणात आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईस रात्री एकाएकी भयंकर पोटदुखी सुरू झाली. गाव तालुक्यापासून दूर, पाऊस कोसळत होता. शेजारच्या गृहस्थांनी आपली गाडी तत्काळ काढली. गाडी नवी, उंच, चारही चाकांस जोर असलेली. तिच्याविषयी काही बोलावयास जागा नव्हती. ती चिखलातून, दगडांवरून उत्तम चालली, आणि गावापासून थोड्या अंतरावरील ओढ्याशी येऊन थांबली, कारण तेथील मोरी वाहून गेली होती. मोरीचे तोंड गाळाने बुजलेले आहे, हे उन्हाळ्यापासून सर्वांस दिसत होते. पण ज्याच्या त्याच्या गाडीस तिच्यावरून जाता येत असल्याने कोणी ते मनावर घेतले नव्हते. शेवटी चौघांनी बाज खांद्यावर घेतली, कमरेइतक्या पाण्यातून ओढा ओलांडला आणि पलीकडे दुसरे वाहन मिळेपर्यंत दीड मैल चालत गेले. मुलगी कंदील धरून पुढे चालत होती. देवाच्या कृपेने आई वाचली व आता बरी आहे. "आणखी तासभर उशीर झाला असता, तर..." एवढेच डॉक्टर बोलले.

दणकट गाडी वाईट रस्त्यावर मात करते, हे खरे. पण ती मात एकट्या मालकापुरती असते. तिच्या मागून येणाऱ्या बैलगाडीस, पायी शाळेत येणाऱ्या मुलीस, डोक्यावर पाटी घेऊन बाजारास निघालेल्या म्हातारीस तिचा काही उपयोग नाही. उलट, ज्यांच्या शब्दास वजन आहे, ते उंच गाडीत बसून खड्ड्यांवरून सुखाने जाऊ लागले, म्हणजे खड्ड्यांविषयी बोलणारेच कमी होतात. अमेरिकेच्या इतिहासात आम्हांस जी गोष्ट घेण्यासारखी वाटते, ती ही की, त्या लोकांनी दणकट गाडी करून दाखविली आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत. चिखलातून जाणारी फोर्ड दारात असतानाही त्यांनी चिखल काढण्यासाठी स्वतःवर कर बसवून घेतला.

आपल्या देशातही हा विचार नवा नाही. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर हे ज्या समितीचे अध्यक्ष होते, तिने १९२८ साली रस्त्यांसंबंधी आपला अहवाल दिला, आणि त्यानुसार १९२९ सालापासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसून रस्त्यांकरिता मध्यवर्ती निधी निर्माण झाला. १९४३ साली नागपूर येथे निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य इंजिनियर एकत्र जमले आणि हमरस्त्यापासून खेड्याच्या वाटेपर्यंत सर्व रस्त्यांची प्रतवारी लावून त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. मोठ्या योजना मोठ्या लोकांनी कराव्यात, हे ठीकच आहे. परंतु मोरीच्या तोंडचा गाळ काढण्यास समिती लागत नाही. वॉर्ड किंगपाशी एक ओंडका होता आणि पाऊस थांबताच घराबाहेर पडण्याची सवय होती.

ह्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमच्या स्काउट पथकाने शाळेकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे चर साफ केले. वादी व प्रतिवादी दोघेही त्यात होते, आणि फावडी दोनच असल्यामुळे त्यांना पुन्हा भांडण्यास सबळ कारण मिळाले. पहिल्या मोठ्या पावसानंतर आम्ही मुद्दाम पाहण्यास गेलो. फाटकापाशी दरवर्षी साचणारे तळे साचले नव्हते.

जाता जाता पालकवर्गास एक विनंती. निकालाच्या दिवशी आपण आपल्या मुलाची तुलना दुसऱ्याच्या मुलाशी करितो आणि एकास हुशार, दुसऱ्यास मंद असा शिक्का मारून मोकळे होतो. आमच्या एवढ्या वर्षांच्या अनुभवात शाळेत पहिला येणारा विद्यार्थी शहरातील महाविद्यालयात गांगरून गेलेला आम्ही पाहिला आहे, आणि येथे मागच्या बाकावर बसणारा पुढे अवघड नोकरीत सर्वांच्या पुढे गेलेलाही पाहिला आहे. तो रोज किती मैल चालून येत होता, घरी दिवा होता की नव्हता, हे आम्ही त्या वेळी विचारले नव्हते, ह्याचे आम्हांस आज वाईट वाटते. गाडीस दणकट किंवा बोजड म्हणण्यापूर्वी तिचा रस्ता पाहावा लागतो. मुलांच्या बाबतीत तरी आपण तेवढी तसदी घ्यावी, आणि जो रस्ता आपल्या हाताने नीट करता येण्यासारखा असेल, तो पाऊस येण्यापूर्वी करावा.